मांडीवरचं पुस्तक

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की लेकराला शाळेत घालण्याच्या कितीतरी आधी त्याच्या हातात चित्रांचं पुस्तक यावं, आणि ते त्याच्यासोबत बघायला घरातलंच माणूस असावं. त्यावर परभणी, बीड, लातूर, हिंगोली, जालना अशा सगळीकडून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. मी बालवाडीत शिकवत होते. निवृत्तीनंतर अंबाजोगाईत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत चित्रपुस्तकांची एक फळी मांडली आहे. गल्लीतली लेकरं येतात, फरशीवर उताणी-पालथी पडून पुस्तकं बघतात. ती काय करतात हे बघूनच ही उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : बाई, माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. पुस्तक दिलं की तोंडात घालते, नाहीतर पान फाडते. सासूबाई म्हणतात, आत्ताच कशाला, अक्षर ओळखायला लागली की आणू. पुस्तक कधीपासून दाखवावं?
— एक आई, परभणी

उत्तर : आत्तापासून. हाताला लागेल ते तोंडात घालणं ही या वयात वस्तू ओळखायची तिची रीत आहे. चमचा तोंडात जातो, चप्पल जाते, तसंच पुस्तकही जातं. आणि पान ओढलं की टर्रकन आवाज येतो, तो तिला आवडतो, म्हणून ती फाडते. फाडायला जुनं वर्तमानपत्र द्या. पुस्तक मात्र तिला मांडीवर घेऊनच उघडा आणि दोघींनी मिळून पान उलटा. थोड्या दिवसांत हाताला सवय लागते.

नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यांत स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचं तोंड जितकं लांब असतं तितक्यावरचं. त्याला आधी कळतात ते चेहरे. म्हणून पहिल्या पुस्तकात चेहरे असावेत, आणि एका पानावर एकच मोठं चित्र असावं : वाटी, गाय, मांजर, टोपी. बाजारात जाड पुठ्ठ्याची स्वस्त पुस्तकं मिळतात, त्यांतल्या पुष्कळांत एका पानावर बारा-बारा फळं दाटीवाटीनं छापलेली असतात. त्यांत नजर कुठं ठेवावी हे लेकराला कळत नाही. ती घेऊ नका.

मला विचाराल तर पहिलं पुस्तक घरीच करा. आपल्याकडं एका लग्नसराईत घरी किती पत्रिका येतात! त्यांचे जाड कागद सारख्या मापात कापा. एकेका पानावर एकेक फोटो चिकटवा : आज्जी, बाबा, मामा, दारातली शेळी, तुळशीचं वृंदावन, तिची स्वतःची वाटी. वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा म्हणजे लाळेनं पान भिजणार नाही. कडेला भोकं पाडून जाड दोरा ओवा. स्टेपलरच्या पिना अजिबात वापरू नका, पुस्तक तोंडात जाणार आहे. फाटलेलं पान जोडायला कणकेची खळ चालते. गल्लीतल्या एका घरी असं पुस्तक आहे. त्या घरातलं बाळ शेळीच्या पानावर आलं की दरवेळी दाराकडं बोट करतं. चित्रातली शेळी आणि दारातली शेळी एकच, हे त्याला उमगलं आहे. पुढचं सगळं वाचन त्या बोटापासून सुरू होतं, म्हणून सासूबाईंना सांगा, अक्षरांची वाट बघायची गरज नाही.

प्रश्न : नमस्कार बाई. दिवाळी झाली की माझे भाऊ-भावजय ऊसतोडीला जातात. त्यांची दोन लेकरं, पाच वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा, माझ्या आईजवळ गावात राहतात. मी केजला असते, आठवड्याला एक चक्कर होते. तुमचं वाचून दोन पुस्तकं घेऊन गेले, तर आई म्हणाली, "मला कुठं वाचता येतं, मी आडाणी." पुस्तकं तशीच देवळीत पडून आहेत. अक्षर न येणाऱ्या माणसानं लेकरांना पुस्तक कसं वाचून दाखवावं?
— एक आत्या, केज तालुका

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अशा आज्ज्या आपल्या जिल्ह्यात गावोगावी आहेत. सहा-सहा महिने लेकरं त्यांच्याच पदराखाली असतात.

तुमच्या आईला चित्रांचं पुस्तक वाचता येतं. फक्त तिला तसं कुणी सांगितलेलं नाही. पुढच्या चकरेला तुम्हीही छापलेल्या ओळी वाचू नका. जेवणं झाल्यावर आईजवळ बसा, लेकरं मधी घ्या, पान उघडा आणि आईलाच विचारा, "आई, ही बाई काय करायलीय गं?" ती म्हणेल, "दिसत न्हाई का, सुपात पाखडायलीय." मग विचारा, "काय पाखडायलीय?" तिथून ती सुरू होईल. ज्वारी का बाजरी, खळ्यात कसं उपणायचे, वारं पडलं की काय करायचे, कणगीत धान्य कसं भरायचे. पानाखाली छापलेले शब्द असतील सात-आठ. तिच्याजवळ त्या एका चित्रावर बोलायला तासभराचं आहे, आणि त्यातला एकेक शब्द लेकरांच्या कानावर पडायला हवा आहे.

चित्र दाखवून गोष्ट सांगणं आपल्या भागाला नवं नाही. पैठणच्या चित्रकथी परंपरेतली एकोणिसाव्या शतकातली कागदावरची चित्रं पुण्याच्या केळकर संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. चित्रकथी एकेक चित्र लोकांसमोर धरायचे आणि रामायण-महाभारतातला प्रसंग सांगायचे. समोर बसलेल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हतं, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात हेच प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी दगडात कोरलेत, अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात जातककथा भिंतीवर रंगवल्यात. आईला हे सांगा. ती वेरूळला गेली असेल तर तिला लगेच आठवेल.

आता पुस्तक कोणतं न्यायचं? पहिलं पुस्तक असं न्या की ज्याची गोष्ट आईला आधीपासून पाठ आहे. मेणाचं घर आणि शेणाचं घर, चिमणीचं "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते", लेकीकडं जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येणारी आणि भोपळ्यात बसून टुणूक टुणूक परत जाणारी म्हातारी. या गोष्टींची चित्रपुस्तकं मिळतात. गोष्ट तिची, चित्र पुस्तकातलं. पान कधी उलटायचं हे तिला आपोआप कळेल, कारण पुढं काय होणार हे तिला ठाऊक आहे. पुस्तकातल्या गोष्टीत आणि तिच्या गोष्टीत फरक पडला तर पडू द्या. पुस्तकात कोल्हा असेल आणि तिच्या गोष्टीत लांडगा, तर लेकरांना दोन्ही कळू देत. दुसरं पुस्तक शब्द नसलेलं न्या. नुसत्या चित्रांची पुस्तकं असतात, आणि ती आडाणी माणसासाठी म्हणून केलेली नसतात. शिकलेल्या आईबापांनाही ती अवघड जातात, कारण तिथं ओळींचा आधार नसतो, सगळं बघून बोलावं लागतं. आई तुमच्यापेक्षा चांगली वाचेल, बघा.

सांगण्याची एक पद्धत मात्र आईला समजावून द्या. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या लेकरांच्या आईवडिलांना त्यांनी एवढंच शिकवलं : तुम्ही कमी बोला, लेकराला जास्त बोलू द्या. "हे काय आहे?" यापेक्षा "हा काय करतोय?" असं विचारा, आणि ते जे बोलेल त्यात थोडी भर घालून परत द्या. महिनाभरात ती लेकरं, नुसतं वाचून दाखवलेल्या लेकरांपेक्षा, बोलण्यात पुढं गेली. आपल्या भाषेत सांगायचं तर, धाकटा म्हणाला "भूभू", तर आज्जीनं म्हणावं, "हां, काळं भूभू पळायलंय. कुणाच्या मागं पळायलंय?" थोरलीला विचारावं, "हे पोरगं कामून रडायलंय?" आणि थांबावं. उत्तर यायला वेळ लागतो. आज्ज्यांना थांबता येतं, आपल्यालाच घाई असते.

पुस्तकं देवळीतून काढा. देवळीत ठेवलं की ते देवाचं किंवा मोठ्यांचं होतं. भिंतीला लेकरांच्या छातीइतक्या उंचीवर सुतळी बांधा आणि पुस्तकं मधून उघडून तिच्यावर टांगा. मुखपृष्ठ दिसलं की हात जातो.

आणि एक काम खास तुमच्यासाठी. ज्या पुस्तकावर लेकरांचा जीव जडेल, त्याच्या पानांचे फोटो भावजयीच्या मोबाइलवर पाठवा. दिवसभर फडात मोळ्या बांधून ती संध्याकाळी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, आली की फोन येतोच. तेव्हा "जेवलीस का, त्रास देत न्हाईस ना" एवढ्यावर फोन संपतो, कारण लहान लेकराला फोनवर काय बोलावं सुचत नाही. पण दोघींसमोर एकच पान असलं तर मुलगी आईला सांगू शकेल, "मम्मे, आता म्हातारी भोपळ्यात बसायलीय, बघ." आई विचारेल, "मग पुढं?" शेकडो किलोमीटरवरून आईनं लेकरासोबत पुस्तक वाचण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. हे तुम्ही नक्की करा आणि मला कळवा.

प्रश्न : मॅडम, आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. केस कापायला निघालेल्या शृंगेरी श्रीनिवासची गोष्ट त्याला रोज रात्री लागते. मी दुकान बंद करून येतो, जेवतो, की हा पुस्तक घेऊन उभा. एक ओळ गाळली तरी ओरडतो. नवी पुस्तकं आणली, त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नाही. त्याला नव्याची गोडी कशी लावावी?
— एक वडील, लातूर

उत्तर : रोज रात्री दुकानावरून थकून येऊन तुम्ही वाचता, यासाठी आधी तुमचं मनापासून कौतुक. मला येणारी बहुतेक पत्रं आयांची असतात.

त्याला तेच पुस्तक वाचून दाखवा. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास आहे. काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकवल्या, काहींना दरवेळी वेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडं सारख्याच वेळा आले होते. पण ते लक्षात राहिले तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांच्या. कारण साधं आहे. पहिल्यांदा ऐकताना लेकरू 'पुढं काय' याच्या मागं असतं. ते कळल्यावर त्याला बाकीचं दिसायला लागतं : कोपऱ्यातलं मांजर, न्हाव्याची कात्री, कुणाच्या तोंडावर कसला भाव आहे.

रोहिणी निलेकणी यांची प्रथम बुक्सनं काढलेली ही गोष्ट माझ्याही फळीवर आहे आणि तिची पानं सगळ्यांत जास्त मळलेली आहेत. वर्षातून एकदाच केस कापणारा माणूस, न्हाव्याला वेळ नाही, मग तो एकेकाकडं जातो आणि जो तो नाही म्हणतो. पुढचाही नाहीच म्हणणार हे लेकराला ठाऊक असतं, तरी त्या 'नाही'ची वाट बघण्यात त्याला आनंद असतो. आमच्याकडं तर पान उलटायच्या आधीच सगळी एका सुरात ओरडतात. तुमचा मुलगा गाळलेली ओळ पकडतो, म्हणजे कोणत्या चित्राला कोणती ओळ हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. अक्षर ओळखण्याच्या आधीची ही फार मोठी पायरी आहे. आता तुम्ही अर्धी ओळ म्हणा आणि थांबा, उरलेली तो म्हणेल. मग एखाद्या रात्री "आज तू मला वाचून दाखव" म्हणा.

नवं पुस्तक जुन्याच्या जागी आणू नका, जुन्याच्या नंतर आणा. आधी त्याची गोष्ट, मग दिवा मालवायच्या आधी नव्याची दोन पानं. आणि वडिलांनी वाचायचं माझं सगळ्यांत आवडतं पुस्तक सांगते : माधुरी पुरंदरे यांचं 'बाबांच्या मिश्या'. त्यातल्या अनूला बाबांच्या मिश्या फार आवडतात, आणि तिथून माणसामाणसांच्या मिश्या न्याहाळणं सुरू होतं. शब्द त्यांचे आणि चित्रंही त्यांचीच. एकाच माणसानं दोन्ही केल्यामुळं चित्र शब्दांची नक्कल करत नाही, शब्दांनी न सांगितलेलं सांगतं. आमच्या फळीवरचं हे पुस्तक बघून गेलेली एक मुलगी लग्नात पंगतीला बसलेल्या सगळ्या पाहुण्यांच्या मिश्या आईला दाखवत फिरत होती. फेटेवाल्या आजोबांच्या झुपकेदार, मामांच्या कोरलेल्या, नवरदेवाला नाहीच! पुस्तक बंद झाल्यावर लेकरू जगाकडं असं बघायला लागलं की ते पुस्तक घरात ठेवण्याजोगं आहे असं समजावं. तुम्हाला मिशी असेल तर मुलाला ती पकडून बघू द्या.

प्रश्न : मुलगी इंग्लिश मीडियमला नर्सरीत आहे. शाळेत सांगतात, घरी इंग्लिशच बोला, इंग्लिशच वाचा. मराठी गोष्टी वाचल्या तर तिचं इंग्लिश कच्चं राहील का?
— एक आई, नांदेड

उत्तर : नाही राहणार. घरात ज्या भाषेत तुम्ही रागावता, लाड करता, अंगाई म्हणता, त्याच भाषेत गोष्ट सांगा. लेकराला 'हळूच', 'दचकला', 'रुसली' हे मराठीत नीट कळलं की त्याचा इंग्रजी शब्द शिकायला पुढं फार वेळ लागत नाही. न कळलेल्या गोष्टीचा इंग्रजी शब्द मात्र नुसता पाठ होतो. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं की शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच शिकण्याचं माध्यम असावं.

इंग्रजी चित्रपुस्तकंही जरूर आणा, पण वाचताना त्यांच्यावर मराठीत बोला. एरिक कार्ल यांचं १९६९ साली आलेलं भुकेल्या अळीचं पुस्तक जगभरची लेकरं वाचतात. अळी सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नासपती, असं करत शुक्रवारी पाच संत्री. पानांना खरोखरची भोकं आहेत, त्यांतून लेकरं बोट घालतात. वार आले, आकडे आले, फळं आली, आणि शिकवतोय असं कुठंही वाटत नाही. आपल्याकडं हे पुस्तक आणखी रंगतं, कारण आपल्या लेकरांनी अळी बघितलेली असते. शेतावर गेलात तर हरभऱ्याच्या घाट्याला पडलेलं गोल भोक दाखवा, घाटेअळीचं. ती मोठी झाली की पतंग होते. फुलपाखरू बघायचं असेल तर दारातल्या कढीपत्त्याची किंवा लिंबोणीची पानं शोधा. त्यांच्यावर हिरवी, गुबगुबीत अळी सापडते. ती बरणीत ठेवा, तोंडाला जाळीचं फडकं बांधा, रोज ताजी पानं घाला. कोष करून बाहेर यायला तिला बरेच दिवस लागतात. तोवर ते पुस्तक रोज निघेल, आणि इंग्रजी का मराठी हा प्रश्न मुलीला पडणारही नाही.

प्रश्न : आम्ही तांड्यावर राहतो, घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतो. अंगणवाडीत मराठी, पुस्तकं मराठी. मी बारावी शिकले आहे, मराठी वाचून दाखवते, पण मुलगा तीन वर्षांचा आहे, त्याला कळत नाही, तो उठून जातो. काय करू?
— एक आई, हिंगोली जिल्हा

उत्तर : ताई, आधी गोरमाटीत सांगा. चित्रातली आई त्याची याडीच असू द्या. सगळी गोष्ट तुमच्या बोलीत सांगून झाली, त्याला ती आवडली, दोन-चार दिवस त्यानं मागून घेतली, की मग त्याच चित्रांवर मराठी ओळी वाचा. तोवर गोष्ट त्याच्या ओळखीची झालेली असेल. ओळखीच्या गोष्टीतले अनोळखी शब्द लेकरू चित्राच्या आधारानं आपलं आपण लावून घेतं. दोन भाषांनी ते गोंधळत नाही. तांड्यावरची सगळी माणसं दोन-तीन भाषा बोलतच असतात, तुम्हीही बोलता.

तुम्ही लिहित्या आहात, म्हणून एक काम सुचवते. प्रथम बुक्सनं २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. तिथल्या चित्रगोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून छापता येतात, आणि कुणालाही त्या आपल्या भाषेत करायची मोकळीक आहे, परवानाच तसा खुला ठेवला आहे. पहिल्या पातळीच्या गोष्टींत पानाला एक-दोन सोप्या ओळी असतात. तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातून एखादी छापून आणा. मराठी ओळीखाली देवनागरीत तुमची गोरमाटी ओळ स्वतःच्या अक्षरात लिहा. मुलाला त्याच्या भाषेचं पुस्तक मिळेल. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना ते वाचून दाखवा आणि त्या कुठं कुठं शब्द दुरुस्त करतात ते लिहून घ्या. त्यांच्याकडून एखादी जुनी गोष्ट मिळाली तर तिला चित्रं मुलगाच काढेल. ते पुस्तक मला बघायला फार आवडेल.

प्रश्न : मोबाइलवर चित्रांच्या गोष्टी हलतात, बोलतात. मुलगा जेवतोही त्या बघत. मग कागदाचं पुस्तक कशाला?
— जालना

उत्तर : मोबाइल गोष्ट सांगतो, पण लेकरानं काय म्हटलं ते ऐकत नाही. लेकरू "हा वाघ कुठं झोपतो?" म्हणालं तरी चित्र पुढं पळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना अशा : दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पडदा दाखवूच नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त नको, आणि बसल्या जागी वेळ घालवायचा तर मोठ्या माणसासोबत पुस्तक नाहीतर गोष्ट. जेवताना मोबाइल लगेच सुटणार नाही. झोपण्याआधीच्या वेळेपासून सुरुवात करा.

प्रश्न : वाघाचं पान आलं की मुलगी डोळे मिटते आणि पान उलटायला लावते. तिला धीट करायला ते पान मुद्दाम दाखवावं का?
— उदगीर

उत्तर : नको. ती म्हणते तसं उलटा. पान उलटायची सत्ता तिच्या हातात राहिली तर एक दिवस ती स्वतःच तिथं थांबेल, आधी एका डोळ्यानं बघेल. घाई करू नका, आणि पाहुण्यांपुढं 'ही वाघाला भिते' असं तर बिलकुल सांगू नका.

प्रश्न : चांगली चित्रपुस्तकं आमच्या तालुक्यात मिळत नाहीत. मिळतात ती महाग वाटतात. कुठून घ्यावीत आणि काय बघून घ्यावीत?
— धाराशिव जिल्ह्यातले एक आईवडील, आणि असंच विचारणारे बरेच जण

उत्तर : स्वस्तात चांगली हवीत तर नॅशनल बुक ट्रस्टची बघा. १९५७ सालापासूनची ही सरकारी संस्था आहे, तिच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तकं मराठीतही आहेत आणि किमती बेताच्या असतात. करड्या रंगाला कंटाळलेल्या रूपा नावाच्या हत्तिणीचं, मिकी पटेल यांच्या चित्रांचं पुस्तक त्यातलंच, माझ्या फार जिव्हाळ्याचं. प्रथम बुक्सची पुस्तकं पातळ आणि स्वस्त असतात. ज्योत्स्ना प्रकाशनाची थोडी महाग वाटतील, पण माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच घरात एकदा आला की थोरल्याचा धाकट्याला पुरतो. चित्रातलं घर आपल्या घरासारखं दिसतं, माणसं आपल्यासारखी बसतात-उठतात, हे त्या पुस्तकांत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. तुलिका प्रकाशन चेन्नईचं, पण त्यांची पुस्तकं मराठीतही निघतात. दर महिन्याला काहीतरी घरी यावं असं वाटत असेल तर 'चिकूपिकू' हे मासिक लहानग्यांसाठीच आहे. वाचायला लागलेल्या मोठ्या मुलांना १९७१ पासून निघणारं बालभारतीचं 'किशोर' द्या, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. बारशाला आणि वाढदिवसाला झबली-टोपडी खूप येतात, तुम्ही पुस्तक न्या.

घेताना पुस्तक आधी शब्द झाकून बघा. नुसत्या चित्रांवरून तुम्हाला काही बोलावंसं वाटलं तर घ्या. शेवटच्या पानावर 'तात्पर्य' छापलेलं पुस्तक शक्यतो घेऊ नका, आणि घेतलंच तर ते वाचून दाखवू नका. लेकरानं गोष्टीतून काय घेतलं ते त्याचं त्याच्याजवळ राहू द्यावं. 'अ'ला अननस आणि 'ए'ला एडका अशी अक्षरांची पुस्तकं शाळेसाठी ठेवा. त्यांत गोष्ट नसते, आणि अननस आपल्या गावात कुणाच्या रानात उगवत नाही.

विकत घेणं जमत नसेल तर गावच्या वाचनालयात जा. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली ग्रंथालयं आपल्याकडं अगदी लहान गावांतही आहेत, त्यांना शासनाचं अनुदान मिळतं आणि त्यातून दरवर्षी पुस्तकं घेतली जातात. पण तिथं बालविभाग मागायला फार थोडे आईबाप जातात, म्हणून कपाटं कादंबऱ्यांनी भरतात. लेकराला कडेवर घेऊनच जा. ग्रंथपालांना वर लिहिलेल्या पुस्तकांची यादी द्या, तिच्यावर गल्लीतल्या चार-पाच घरांच्या सह्या घ्या, आणि खरेदीच्या आधी ती संचालक मंडळापुढं ठेवा अशी विनंती करा. पुस्तकं आल्यावर ती कुलपाच्या कपाटात न ठेवता खालच्या फळीवर ठेवायला सांगा. फाटतील म्हणून ते काळजी करतील. खळ लावून शिवून द्यायची जबाबदारी तुम्ही घ्या.